पत्र्याची कड आणि पत्र्याचा आवाज

काच, धातू किंवा लाकूड यांचा सपाट आणि लांबी-रुंदीच्या मानाने अगदी पातळ असा तुकडा, ज्याला पुढील विवेचनात सोयीसाठी पत्रा म्हटले आहे, कंप पावू लागला की त्यातून कोणता स्वर निघेल हे त्याच्या द्रव्यावर, जाडीवर आणि आकारावर जितके अवलंबून असते तितकेच त्याची कड कशी धरली आहे यावरही असते. कड पूर्ण मोकळी असू शकते. ती आधारावर नुसती टेकलेली असू शकते, म्हणजे तिला वर-खाली हलता येत नाही पण कलता येते. किंवा ती जखडलेली असू शकते, म्हणजे तिला हलताही येत नाही आणि कलताही येत नाही. एकच चौरस पत्रा आधी चारही बाजूंनी टेकवला आणि मग चारही बाजूंनी जखडला, तर त्याच्या सर्वांत खालच्या स्वराची वारंवारता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, सुमारे १.८२ पट होते. पहिल्या स्थितीतील स्वर षड्ज मानला तर दुसऱ्या स्थितीतील स्वर कोमल निषादाच्याही किंचित वर जातो. पत्र्याचे वजन बदललेले नाही, जाडी बदललेली नाही, बदलली आहे ती फक्त कड. असे असूनही पत्र्याच्या कंपनांचे शास्त्र घडत असताना कडेचा प्रश्न नेहमीच मागाहून उभा राहिला, आणि दर वेळी तोच सर्वांत अवघड ठरला.

कंप पावणाऱ्या पत्र्यावर बारीक भुकटी टाकली की तिची नक्षी उमटते, हे सतराव्या शतकातच दिसून आले होते. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात पितळी पत्रा लोखंडी छिन्नीने खरवडताना शीळ घातल्यासारखा स्वर उमटतो आणि त्याबरोबर पत्र्यावर समांतर रेघा उठतात, हे नोंदवले. रॉबर्ट हुकने १६८०मध्ये काचेवर पीठ पसरून तिच्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरवून पाहिला. पण या निरीक्षणांना पद्धतशीर शास्त्राचे रूप दिले ते एर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन संशोधकाने. १७५६मध्ये विटेनबर्ग येथे जन्मलेल्या क्लाड्नीने कायद्याच्या प्राध्यापक असलेल्या वडिलांच्या इच्छेखातर कायद्याची पदवी घेतली, आणि १७८२मध्ये वडील वारल्यावर तो व्यवसाय बाजूला ठेवून ध्वनीच्या अभ्यासाला वाहून घेतले. ग्यॉटिंगेनच्या लिख्टेनबर्गने विद्युतभारित पृष्ठभागावर धुळीच्या आकृत्या मिळवल्या होत्या; त्यावरून क्लाड्नीला कंप पावणाऱ्या पत्र्यावर वाळू टाकण्याची कल्पना सुचली, आणि १७८७मध्ये लाइपझिगहून त्याचा ध्वनिविषयक शोधांचा ग्रंथ आकृत्यांसह प्रसिद्ध झाला.

त्याच्या प्रयोगाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे, कारण कडेचे महत्त्व तीतच दडलेले आहे. काचेचा चौरस पत्रा मधोमध चिमटीत धरायचा, त्यावर कोरडी वाळू भुरभुरायची, एका बाजूच्या मध्यावर बोटाचे टोक हलकेच टेकवायचे आणि कोपऱ्याजवळच्या कडेवर राळ लावलेला गज उभा ओढायचा. जिथे पत्रा जोराने हलतो तिथली वाळू उडून दूर जाते आणि जिथे तो स्थिर असतो त्या रेषांवर, ज्यांना निस्पंद रेषा म्हणतात, ती साचते; या रीतीने समोरासमोरच्या बाजूंचे मध्य जोडणारी फुली उमटते. आता बोट कोपऱ्यावर ठेवले आणि गज बाजूच्या मध्यावर ओढला, तर वाळू कर्णांवर जमते, आणि स्वर पहिल्यापेक्षा साधारण पंचमाच्या अंतराने वर चढतो. क्लाड्नीच्या पत्र्याची कड सर्व बाजूंनी मोकळी होती. प्रयोग करणाऱ्याला हीच स्थिती सर्वांत सोपी, कारण तीत काहीच बांधावे लागत नाही. गणित करणाऱ्याला मात्र तीच सर्वांत कठीण पडणार होती, याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती.

क्लाड्नीला आयुष्यभर कायमची नोकरी मिळाली नाही. स्वतः बनवलेली युफॉन आणि क्लाव्हिसिलिंडर ही वाद्ये घेऊन तो युरोपभर गावोगाव फिरला आणि व्याख्याने व प्रात्यक्षिके यांवर त्याने उदरनिर्वाह केला. या भ्रमंतीत तो पॅरिसला पोहोचला आणि १८०९च्या फेब्रुवारीत त्याने त्विलरीच्या राजवाड्यात नेपोलियनपुढे वाळूच्या आकृत्या काढून दाखवल्या. नेपोलियनने त्याच्या ‘ध्वनिशास्त्र’ या १८०२च्या ग्रंथाच्या फ्रेंच आवृत्तीसाठी ६,००० फ्रँक दिले. शिवाय लवचीक पृष्ठभागांच्या कंपनांचा गणिती सिद्धांत मांडून तो प्रयोगांशी ताडून दाखवणाऱ्यासाठी पॅरिसच्या इन्स्टिट्यूटमार्फत ३,००० फ्रँकचे पारितोषिक जाहीर झाले. पारितोषिकाचा प्रश्न जाहीर करून विद्वानांकडून उत्तरे मागवायची ही तिथल्या अकादमीची जुनी प्रथा होती, आणि पत्र्याच्या शास्त्राला जन्म दिला तो याच प्रथेने.

१८११ची मुदत संपली तेव्हा एकच निबंध आला होता आणि तो सोफी जर्मेन यांचा होता. स्त्री म्हणून उच्च शिक्षणसंस्थांची दारे बंद असलेल्या या विदुषीने एका पुरुष विद्यार्थ्याचे नाव घेऊन लाग्रांज आणि गाउस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता आणि गणिताचे शिक्षण बहुतांशी स्वतःच्या बळावर मिळवले होते. त्यांचे गृहीतक असे होते की वाकलेल्या पृष्ठभागाचा प्रतिकार त्याच्या परस्परांना लंब असलेल्या दोन मुख्य वक्रतांच्या बेरजेच्या प्रमाणात असतो. गृहीतक फलदायी होते, पण त्यावरून समीकरण काढताना त्यांच्याकडून चूक झाली. परीक्षकांपैकी लाग्रांजने ती दुरुस्त करून योग्य समीकरण लिहून दाखवले, जे आजही वापरले जाते आणि ज्याला गणिती भाषेत चौथ्या कोटीचे विकलक समीकरण म्हणतात, म्हणजे ज्यात विस्थापनाच्या बदलाच्या दराचा दर असे चारदा घेतलेले पद येते. मुदत दोनदा वाढवली गेली, १८१३च्या निबंधाला सन्माननीय उल्लेख मिळाला, आणि तिसऱ्या प्रयत्नानंतर ८ जानेवारी १८१६ रोजी जर्मेन यांना पारितोषिक जाहीर झाले. समारंभाला त्या गेल्या नाहीत. परीक्षकांच्या मते सिद्धांताची सिद्धता अजूनही निर्दोष नव्हती. १८२१मध्ये त्यांनी आपले संशोधन स्वखर्चाने प्रसिद्ध केले. त्यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा अन्यायाचीच होती, कारण त्या काळच्या मोठमोठ्या गणितज्ञांनी स्पर्धेत ज्या प्रश्नाला हात घातला नाही तो त्यांनी तीनदा उचलला. तथापि त्यांच्या गृहीतकातील उणीव पत्र्याच्या आतील भागात जाणवत नव्हती. ती कडेवर उघडी पडत होती. दोन वक्रतांची बेरीज एवढेच धरून चालले तर आतले समीकरण बरोबर येते, पण मोकळ्या कडेवर पाळावयाच्या अटी चुकीच्या निघतात. द्रव्य एका दिशेने ताणले की आडव्या दिशेने आक्रसते, आणि या आक्रसण्याचा हिशेब आतल्या समीकरणात वेगळा उमटत नसला तरी कडेवर तो टाळता येत नाही.

आतील समीकरण हाती आल्यावर खरा वाद कडेवर सुरू झाला. प्वासाँने १८२८-२९मध्ये मांडलेल्या सिद्धांतात असा युक्तिवाद होता की मोकळ्या कडेला कोणीच धरलेले नसल्यामुळे तिच्यावर तीन गोष्टी शून्य असल्या पाहिजेत. पहिली कातरबल, म्हणजे कडेच्या पृष्ठाला वर किंवा खाली ढकलणारे बल. दुसरी कडेला वाकवणारे परिबल. आणि तिसरी कडेला पिळणारे परिबल, परिबल म्हणजे फिरवण्याची प्रवृत्ती असलेला बलाचा परिणाम. व्यवहारबुद्धीला हे पूर्णपणे पटणारे आहे. परंतु चौथ्या कोटीचे समीकरण प्रत्येक कडेवर दोनच अटी स्वीकारू शकते. तिसरी अट लादली की सामान्यतः उत्तरच उरत नाही. प्वासाँची स्वतःची उदाहरणे बरोबर आली याचे कारण त्याने वर्तुळाकार तबकडीची केंद्राभोवती सममित अशी कंपने घेतली होती, आणि त्या कंपनांत कडेला पीळ मुळी पडतच नसल्याने तिसरी अट आपोआप पाळली जात होती. त्याआधीच नाविएने १८२०मध्ये चारही बाजूंनी टेकलेल्या आयताकृती पत्र्याचा प्रश्न सोडवला होता, कारण त्या स्थितीत ज्या-वक्रांची, म्हणजे साइन फलांची, बेरीज सर्व अटी सहज पाळते. इथे एक विलक्षण उलटापालट दिसते. टेकलेली कड कागदावर सर्वांत सोपी आहे, पण हलू न देता कलू देणारी अशी कड कार्यशाळेत नेमकी बनवणे फार कठीण आहे. मोकळी कड मात्र प्रयोगशाळेत फुकट मिळते आणि कागदावर छळते.

गुंता सोडवला तो गुस्टाफ किरखॉफने, १८५०मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. त्याने बलांची यादी करण्याऐवजी पत्र्यात साठणाऱ्या एकूण ऊर्जेपासून सुरुवात केली आणि किंचित काल्पनिक विस्थापन दिल्यास ती ऊर्जा कशी बदलते ते तपासले. या रीतीने कडेच्या अटी गृहीत धराव्या लागत नाहीत, त्या गणितातून आपसूक बाहेर पडतात, आणि त्या दोनच निघतात. वाकवणारे परिबल शून्य ही एक. आणि कातरबल व कडेच्या लांबीवरून पिळणाऱ्या परिबलात होणाऱ्या बदलाचा दर यांची बेरीज शून्य ही दुसरी. प्वासाँच्या तीनपैकी दोन अटी अशा एकत्र विलीन झाल्या. किरखॉफने वर्तुळाकार तबकडीवरील निस्पंद वर्तुळांच्या त्रिज्या काढून त्या क्लाड्नी आणि श्ट्रेल्के यांच्या मोजमापांशी ताडल्या, आणि मेळ उत्तम बसला.

गणिताने दोन अटी दिल्या खऱ्या, पण पिळणारे परिबल नाहीसे कसे झाले याचे भौतिक उत्तर १८६७मध्ये केल्व्हिन आणि टेट यांनी दिले. कडेच्या एका छोट्या तुकड्यावरचा पीळ म्हणजे थोड्या अंतरावरची दोन उभी बले, एक वर आणि एक खाली, असे मानता येते. शेजारच्या तुकड्याच्या पिळाची बलेही तशीच, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर एकाचे वरचे बल दुसऱ्याच्या खालच्या बलाला जवळजवळ छेदते आणि जो फरक उरतो तो कातरबलात मिळून जातो. या अदलाबदलीचा परिणाम कडेपासून पत्र्याच्या जाडीइतक्याच अंतरापर्यंत जाणवतो. कोपऱ्यावर मात्र पुढे तुकडाच नसल्याने छेद होत नाही आणि तिथे एक एकवटलेले बल शिल्लक राहते. चारही बाजूंनी नुसता टेकलेला चौकोनी पत्रा मधोमध दाबला की त्याचे कोपरे वर उचलले जातात ते याच बलाच्या अभावी. कोपऱ्यावरच्या बलाचा हा निष्कर्ष आज बांधकामावरच्या फोरमनच्याही रोजच्या वापरात असतो: भारतीय काँक्रीट संहितेत, आयएस ४५६मध्ये, ज्या कोपऱ्यात स्लॅब दोन्ही बाजूंनी नुसता टेकलेला असतो आणि ज्याला वर उचलू दिले जात नाही, तिथे लहान गाळ्याच्या एक-पंचमांश लांबीपर्यंत वर आणि खाली पिळाच्या सळयांची जाळी घालण्याचे बंधन आहे.

मोकळ्या कडेच्या चौरस पत्र्याचा, म्हणजे क्लाड्नीच्या मूळ प्रयोगाचा, प्रश्न किरखॉफनंतरही सुटला नाही. फोग्टने १८९३मध्ये समोरासमोरच्या दोन बाजू टेकलेल्या असतील तर उरलेल्या दोन कशाही असल्या तरी उत्तर काढता येते असे दाखवले. पण चारही मोकळ्या किंवा चारही जखडलेल्या कडांसाठी बंद सूत्र मिळत नव्हते. स्वित्झर्लंडच्या वॉल्टर रिट्झने अखेरीस सूत्राचा आग्रहच सोडला. मोकळ्या दांड्याच्या कंपनांचे ज्ञात आकार घेऊन त्यांच्या गुणाकारांची बेरीज करायची आणि ऊर्जेचे मूल्य किमान होईल असे गुणक निवडायचे, ही त्याची पद्धत. आणि तिचे सौंदर्य असे की मोकळ्या कडेच्या ज्या अटींनी शतकभर छळले होते त्या निवडलेल्या फलांनी आधी पाळाव्यात अशी सक्ती तीत नाही, ऊर्जा किमान होता होता त्या आपोआप जवळजवळ पाळल्या जातात. जखडलेल्या पत्र्यावरचा त्याचा निबंध पॅरिस अकादमीच्या १९०७च्या व्हायां पारितोषिकासाठी गेला होता, पण त्याला पारितोषिक मिळाले नाही. १९०९मध्ये त्याने मोकळ्या चौरस पत्र्याच्या आकृत्या आणि स्वर गणिताने काढून क्लाड्नीच्या नोंदींशी जुळवून दाखवले आणि त्याच वर्षी जुलैत क्षयाने, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. क्लाड्नीच्या पहिल्या ग्रंथापासून मोजले तर या एका चौकोनाला एकशे बावीस वर्षे लागली.

पत्रा कसा हलतो हे समजले म्हणजे तो किती आवाज करतो हे समजले असे होत नाही, आणि कडेचा दुसरा अंक इथून सुरू होतो. लॉर्ड रॅले यांनी ‘ध्वनीचा सिद्धांत’ या ग्रंथाच्या १८७८च्या दुसऱ्या खंडात एका अमर्याद कठीण भिंतीत बसवलेल्या हलत्या पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूचे योगदान एकत्र करून ध्वनी काढण्याची रीत दिली होती. तिचा पत्र्यासाठी अर्थ असा की एक भाग वर जात असताना शेजारचा खाली जात असेल, तर वरच्या भागाने ढकललेली हवा दूर जाण्याऐवजी शेजारच्या खोलगटात सरकते आणि दोघांचा आवाज एकमेकांत विरतो. हे विरणे केव्हा घडते ते १९४२मध्ये लोथार क्रेमरच्या विवेचनातून स्पष्ट झाले. पत्र्यातील वाकण्याच्या लाटांचा वेग वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, हवेतील ध्वनीचा वेग मात्र स्थिर असतो. ज्या वारंवारतेला दोन्ही वेग समान होतात तिला क्रांतिक वारंवारता म्हणतात. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यासाठी ती सुमारे १२,००० हर्ट्झ, तर सहा मिलिमीटर जाडीच्या तावदानासाठी सुमारे २,००० हर्ट्झ असते. त्याखाली पत्र्यातील लाटा हवेतील लाटांपेक्षा आखूड असतात, शेजारचे भाग एकमेकांना छेदतात, आणि अमर्याद पत्रा असता तर त्याने दूरवर आवाज पोहोचवलाच नसता.

खरा पत्रा कुठे तरी संपतो, म्हणूनच तो ऐकू येतो. आतल्या प्रत्येक भागाला छेदणारा शेजारी असतो, कडेवरच्या भागाला एका बाजूचा शेजारी नसतो, त्यामुळे छेदून उरलेला ध्वनी कडेलगतच्या चिंचोळ्या पट्ट्यातून, आणि काही कंपनप्रकारांत तर फक्त चार कोपऱ्यांतून, बाहेर पडतो. १९५३मध्ये ग्योझेलेने आणि १९६२मध्ये अमेरिकेत गिडिऑन मैदानिकने हे गणित मांडले, आणि ‘कडेची कंपने’ व ‘कोपऱ्याची कंपने’ असे वर्गीकरण अभियंत्यांच्या वापरात रुळले. मैदानिकचा विषय पट्ट्या मारून बळकट केलेले पत्रे हा होता. प्रत्येक पट्टी पत्र्याला नवी कड देते, म्हणून पत्रा तितकाच हलत असेल तर पट्ट्या मारलेला पत्रा जास्त आवाज करतो. खडखडणारा पत्रा बळकट केला की शांत होईल, या सर्वसाधारण समजुतीला याने छेद दिला, आणि यंत्रांच्या आवरणांचा आवाज कमी करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे आधी लक्षात घ्यायला हवे.

कड कशी धरली आहे यावर हा उरलेला ध्वनी किती, हे क्रांतिक वारंवारतेच्या बऱ्याच खाली आणि कडेवर सरळ आदळणाऱ्या लाटेसाठी हाताने काढता येते. लाट कडेवरून परतते तेव्हा कडेला लागून झपाट्याने विरणारे एक जादा वाकणेही निर्माण होऊ शकते. टेकलेल्या कडेवर ते निर्माण होत नाही आणि परतणाऱ्या लाटेचा न छेदलेला भाग तसाच उरतो. जखडलेल्या कडेवर ते त्या उरलेल्या भागात मिळते, आणि बाहेर पडणारी ध्वनिशक्ती टेकलेल्या कडेच्या दुप्पट, म्हणजे तीन डेसिबलने जास्त होते. मोकळ्या कडेवर मात्र त्याचे चिन्ह उलटे असते आणि बेरीज नेमकी शून्य येते. याचे मूळ न्यूटनच्या दुसऱ्या नियमात आहे: पत्र्याच्या कडेलगतच्या पट्ट्याचा एकूण संवेग बदलायचा तर बाहेरून बल लागते, आणि ते फक्त आधारच देऊ शकतो, मोकळ्या कडेला आधार नाही, म्हणून तिथे हवेचे निव्वळ ढकलणेही नाही. आधार जितक्या बलाने पत्र्याला अडवतो तितका पत्रा त्या ठिकाणी बोलतो. सोव्हिएत संशोधक निकिफोरोव्ह यांनी १९६४मध्ये आणि पुढे इतरांनी निरनिराळ्या कडांसाठी हा हिशेब केला. आर्थर लाइसा यांनी १९७३मध्ये आयताच्या चार बाजूंना मोकळी, टेकलेली आणि जखडलेली या तीन स्थिती वाटून होणाऱ्या एकवीस वेगवेगळ्या पत्र्यांची वारंवारता एकत्र दिली. १९९०मध्ये बेरी, गियादे आणि निकोला यांनी कडेवर स्प्रिंगा कल्पून या तीन टोकांच्या मधल्या साऱ्या स्थिती एकाच गणितात आणल्या, कारण प्रत्यक्षातली कोणतीही कड यांपैकी एका टोकाला नेमकी नसते.

वाद्य घडवणाऱ्यांना ही मधली स्थिती फार आधीपासून हाताने ठाऊक होती. फेलिक्स साव्हारने व्हियोम या पॅरिसच्या व्हायोलिन-कारागिराच्या मदतीने स्ट्राडिव्हारी आणि ग्वार्नेरी यांच्या वाद्यांचे सुटे पाट तपासून, पुढच्या आणि मागच्या पाटाच्या स्वरांत साधारण अर्ध्या ते पूर्ण स्वराचा फरक असतो असे नोंदवले. विसाव्या शतकात कार्लीन हचिन्स यांनी हीच तपासणी क्लाड्नीच्या आकृत्यांच्या आधारे पुढे नेली. पण सुटा पाट मोकळ्या कडेचा असतो आणि सरसाने बरगड्यांवर चिकटला की त्याची कड बदलते, म्हणून सुट्या पाटाचा स्वर जुळवून पूर्ण वाद्याचा नाद हमखास साधत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फरीदसाहेब सितारमेकरांच्या परंपरेने ज्या मिरजेत तंबोरे घडत आले आहेत, तिथेही पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मोठ्या भोपळ्यावर तुणीच्या लाकडाची तबली, म्हणजे वरचा पातळ पाट, बसवली जाते, आणि ती सपाट नसून किंचित फुगीर असली तरी तिच्यापुढचा प्रश्न हाच असतो: भोपळ्याचे काठ लाकडाइतके कठीण नसतात, त्यामुळे सरसाने पक्की केलेली तबलीची कड ना पूर्ण टेकलेली ना पूर्ण जखडलेली राहते, आणि घोडीखालचा भाग किती जाड ठेवायचा व काठाकडे किती पातळ करायचे हे कारागीर कानाने ठरवतो.